मधल्या प्रतीची जुनी बेसबॉल कार्डे: परवडणारी तरीही देखणी कार्डे कशी निवडावीत

2022 सालच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाच्या मिकी मँटल या खेळाडूचे 1952 सालचे टॉप्स कंपनीचे कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरांना विकले गेले आणि ज्यांचा बेसबॉलशी काडीचाही संबंध नाही त्यांनीही ती बातमी वाचली. अशा बातम्यांमुळे जुन्या कार्डांचा संग्रह हा केवळ धनिकांचा छंद आहे, अशी समजूत सहज होते. प्रत्यक्षात त्याच संचातील, म्हणजे कंपनीने त्या वर्षी काढलेल्या क्रमांकित कार्डांतील, पहिल्या अडीचशे क्रमांकांतले एखाद्या साध्या खेळाडूचे कार्ड, कोपरे थोडे झिजलेले पण चित्र स्वच्छ आणि रंग ताजे असलेले, दोघांच्या बाहेरच्या जेवणाच्या खर्चात मिळू शकते. अमेरिकेत राहताना मुलांच्या निमित्ताने किंवा स्वतःच्याच आवडीने बेसबॉलची गोडी लागलेल्या आणि त्या खेळाचा जुना काळ हातात धरून पाहावासा वाटणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा लेख आहे. त्यातले मुख्य सांगणे असे की, मधल्या प्रतीचे कार्ड घेताना त्याच्या डब्यावर छापलेला दर्जाचा, म्हणजे ग्रेडचा, आकडा विकत घेऊ नये. तो आकडा कोणत्या दोषामुळे खाली आला ते ओळखावे आणि तो दोष आपल्या नजरेला खुपत नसेल तरच कार्ड घ्यावे.

आकड्यामागे काय असते

पीएसए ही कंपनी 1991 पासून कार्डांची तपासणी करून त्यांना 1 ते 10 पर्यंत ग्रेड देते आणि ते कार्ड पारदर्शक, सीलबंद प्लॅस्टिकच्या डब्यात घालून परत पाठवते. या डब्याला संग्राहक स्लॅब म्हणतात. एसजीसी आणि बेकेट या कंपन्याही हेच काम करतात. साधारणपणे 3 ते 6 या ग्रेडच्या कार्डांना मधल्या प्रतीची कार्डे म्हटले जाते. 7 वरून 8 वर जाताना जुन्या कार्डांची किंमत जी उडी मारते ती कार्डाच्या देखणेपणात पडणाऱ्या फरकाच्या मानाने फारच मोठी असते, आणि दुसऱ्या टोकाला 1 आणि 2 ग्रेडच्या कार्डांत बहुधा ठळक घड्या, फाटलेला कागद किंवा डाग असतात. पैसा आणि सौंदर्य यांचा मेळ बसतो तो या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात.

ग्रेड ही सर्व गुणांची सरासरी नसते. बाकी सर्व बाबतींत 7 ग्रेडच्या तोडीच्या कार्डाच्या मागच्या बाजूवर, प्रकाशात तिरपे धरल्याशिवाय दिसतही नाही अशी एक बारीक चुणी असेल, तर तेवढ्या एका कारणाने ते 4 वर येऊन थांबू शकते. त्याच 4 ग्रेडचे दुसरे कार्ड मात्र चारही कोपरे गोल झालेले, चित्र एका बाजूला सरकलेले आणि रंग मळलेले असे असू शकते. लेबलावर दोघांचाही आकडा एकच असतो. अनुभवी खरेदीदार पहिल्या कार्डाला थोडे अधिक पैसे देतात हे खरे, पण ते 7 ग्रेडच्या किमतीच्या जवळपासही जात नाही आणि नवख्या संग्राहकाला खरी संधी मिळते ती याच फटीत.

पीएसएच्या काही लेबलांवर आकड्याबरोबर अक्षरेही असतात. ओसी म्हणजे चित्र मध्यावर नाही, एमके म्हणजे पेन किंवा पेन्सिलीची खूण आहे, एसटी म्हणजे डाग आहे आणि पीडी म्हणजे छपाईचा दोष आहे. अशा कार्डांची किंमत त्याच आकड्याच्या निर्दोष कार्डापेक्षा बरीच कमी असते. यातली ओसी असलेली कार्डे मी टाळण्याचा सल्ला देईन, कारण सरकलेले चित्र दर वेळी कार्ड पाहताना खटकते. एमकेचे कार्ड मात्र अवश्य पाहावे, कारण ती खूण पुष्कळदा मागच्या बाजूला एखाद्या मुलाने पेन्सिलीने लिहिलेला आकडा एवढीच असते.

कोणता संच निवडावा

सुरुवातीला मिळेल ते घेत सुटण्यापेक्षा एक संच, एक संघ किंवा एक खेळाडू ठरवून घ्यावा, कारण एकाच संचाची शे-पन्नास कार्डे नजरेखालून गेल्याशिवाय त्या संचातले चांगले कार्ड कसे दिसते हे डोळ्याला कळत नाही. बोमन कंपनीची कार्डे 1948 ते 1955 या काळात निघाली. 1956 मध्ये टॉप्सने बोमन विकत घेतली आणि त्यानंतर 1981 मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या बाजारात येईपर्यंत या धंद्यावर टॉप्सचेच वर्चस्व राहिले. म्हणून नवख्याने 1950 ते 1975 या पंचवीस वर्षांतल्या टॉप्स किंवा बोमन संचांपैकी एक निवडणे सोयीचे असते.

मधल्या प्रतीत कोणता संच शोभतो हे बरेचसे त्याच्या मांडणीवर अवलंबून असते, आणि या गोष्टीचा विचार नवखे संग्राहक क्वचितच करतात. पांढरी किनार असलेल्या कार्डाचा कोपरा झिजला तरी आतला पांढरट कागद किनारीत मिसळून जातो, त्यामुळे झीज फारशी डोळ्यांत भरत नाही. 1957, 1965 आणि 1967 चे टॉप्स संच या दृष्टीने फार क्षमाशील आहेत. 1967 च्या कार्डावर मोठे छायाचित्र, त्यावर छापील स्वाक्षरी आणि भोवती साधी पांढरी किनार एवढेच असते, त्यामुळे 4 ग्रेडचे कार्डही टेबलावर ठेवले की उठून दिसते. उलट 1971 च्या संचाची किनार काळी आहे आणि तिच्या कडेवरचा रंग टिचकीभर उडाला तरी पांढरा ठिपका दुरून दिसतो. 1953 च्या टॉप्स संचात खेळाडूंची रंगवलेली व्यक्तिचित्रे आहेत आणि ती अतिशय सुंदर आहेत, पण नाव छापलेली खालची लाल किंवा काळी पट्टी कार्डाच्या अगदी कडेपर्यंत जात असल्यामुळे तिथला रंग हमखास उडालेला असतो. हा संच घ्यायचा असेल तर त्या पट्टीचा कोपराच आधी तपासावा. 1975 च्या संचाच्या दोन रंगांच्या किनारींचेही तसेच आहे.

माझी स्वतःची सर्वांत आवडती शिफारस 1956 च्या टॉप्स संचाची आहे. यात 340 कार्डे असून ती आडवी आहेत; एका बाजूला खेळाडूचा मोठा चेहरा आणि मागे मैदानावरचा प्रसंग रंगवलेला असतो. जॅकी रॉबिन्सनचे टॉप्सने त्याच्या खेळण्याच्या काळात काढलेले शेवटचे कार्ड याच संचात 30 व्या क्रमांकावर आहे. 31 वे कार्ड हँक ॲरनचे आहे आणि ते हातात आले तर मागच्या प्रसंगचित्राकडे नीट पाहावे, कारण घसरत होम प्लेटकडे येणारा तो खेळाडू ॲरन नसून विली मेझ आहे. पुढच्या वर्षी, 1957 मध्ये, ॲरनच्याच कार्डाची निगेटिव्ह उलटी छापली गेली आणि उजव्या हाताने फलंदाजी करणारा ॲरन डावखुरा दिसू लागला. 1953 च्या बोमन रंगीत संचावर समोरच्या बाजूला नावसुद्धा नाही, केवळ छायाचित्र आणि भोवती पांढरी किनार आहे. निव्वळ देखणेपणाचा विचार केला तर त्याच्या तोडीचे संच थोडेच आहेत, पण त्या 160 कार्डांना मागणी मोठी असल्यामुळे साधी कार्डेही तुलनेने महाग पडतात.

1973 पर्यंत टॉप्सची कार्डे एकदम न येता हंगामभर टप्प्याटप्प्याने बाजारात येत. शेवटचा टप्पा येईपर्यंत दुकानदार आणि मुले अमेरिकन फुटबॉलकडे वळलेली असत, त्यामुळे त्या टप्प्यातली कार्डे कमी विकली गेली आणि आज ती दुर्मिळ आहेत. 1952 मध्ये 311 ते 407 आणि 1967 मध्ये 534 ते 609 हे असे क्रमांक आहेत. 1967 मधले टॉम सीव्हरचे पदार्पणाचे कार्ड याच टप्प्यात येते. पूर्ण संच जमवायचा बेत असेल तर या क्रमांकांचा खर्च आधीच धरून चालावे. नाहीतर सुरुवातीला खालच्या क्रमांकांपुरतेच उद्दिष्ट ठेवावे.

खेळाडूंच्या बाबतीतही मँटल, मेझ आणि क्लेमेंटे यांच्यामागे सारा बाजार धावत असताना हॉल ऑफ फेममध्ये असलेल्या इतर अनेकांची कार्डे अजून आवाक्यात आहेत. लॅरी डोबी हा 1947 मध्ये अमेरिकन लीगमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू न्यू जर्सीतल्या पॅटरसनमध्ये वाढला. त्या राज्यात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि आपल्या शेजारच्या गावातल्या अशा माणसाचे 1950 च्या दशकातले कार्ड संग्रहाची सुरुवात म्हणून मला फार समर्पक वाटते. रिची ॲशबर्न, रेड शेंडिन्स्ट, मिनी मिन्योसो हेही असेच खेळाडू आहेत.

दोष वाचायला शिकावे

कार्ड हातात घेतल्यावर आधी ते हातभर अंतरावर धरून पाहावे, कारण घरी ते बहुतेक वेळा तेवढ्याच अंतरावरून पाहिले जाणार असते. त्या अंतरावरून चेहरा स्पष्ट दिसतो का, रंग भरलेले वाटतात का, चित्र चौकटीत नीट बसले आहे का, हे तीन प्रश्न पुरे असतात. त्यातल्या एकाचे उत्तर नाही असे आले तर ग्रेड कितीही चांगला असला तरी ते कार्ड सोडून द्यावे.

चित्र चौकटीत कसे बसले आहे हे सेंटरिंगवरून कळते आणि ते मोजता येते. मिलिमीटरच्या पट्टीने डावी आणि उजवी किनार मोजावी. डावी 3 मिलिमीटर आणि उजवी 2 मिलिमीटर असेल तर एकूण 5 पैकी 3 म्हणजे 60 टक्के डावीकडे आणि 40 टक्के उजवीकडे आहेत. याला 60/40 म्हणतात. पीएसएच्या 5 ग्रेडमध्ये समोरच्या बाजूला 85/15 इतके सरकलेले चित्रही चालते. म्हणजे 5 हा आकडा देखणेपणाची हमी मुळीच देत नाही. मी 70/30 ही मर्यादा सुचवेन. डावी-उजवी तफावत डोळ्यांना जितकी जाणवते तितकी वर-खालची जाणवत नाही, पण कार्ड तिरपे कापले गेले असेल आणि किनार एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती होत गेली असेल, तर ती तिरकस चौकट किंचित असली तरी फार खटकते.

यानंतर छपाई पाहावी. त्या काळी कार्ड चार रंगांच्या वेगवेगळ्या प्लेट एकावर एक छापून तयार होई. एखादी प्लेट केसभर जरी सरकली तरी खेळाडूच्या ओठांना किंवा टोपीच्या कडेला दुसऱ्या रंगाची सावली दिसते आणि सारा चेहरा धूसर होतो. मधल्या प्रतीच्या कार्डांत हा गुण सर्वांत दुर्लक्षित राहतो. कोपरे गोल झालेले पण प्लेट अचूक बसलेले कार्ड, टोकदार कोपऱ्यांच्या धूसर कार्डापेक्षा मी केव्हाही श्रेष्ठ मानतो.

चुण्या आणि घड्या शोधण्यासाठी खोलीतला मोठा दिवा बंद करून एकच टेबललँप लावावा, कार्ड दोन्ही कडांनी धरून डोळ्यांच्या पातळीवर आणावे आणि दिव्याचे प्रतिबिंब त्याच्या पृष्ठभागावरून वरून खाली सरकेल अशा बेताने हळूहळू कलते करावे. प्रकाशाची ती पट्टी जिथे मोडते किंवा थरथरते तिथे चुणी असते. मग कार्ड उलटून मागची बाजूही तशीच पाहावी. रंग फुटून पांढरी रेषा दिसत असेल आणि ती चेहऱ्यावरून जात असेल तर असे कार्ड मी घेऊ नका असे सांगेन. किनारीतली किंवा कोपऱ्याजवळची घडी मात्र पुष्कळदा सहज खपून जाते.

मागच्या बाजूचे दोष हे काटकसरी संग्राहकाचे मित्र असतात. कार्डांबरोबर पाकिटात येणाऱ्या च्युइंगगमचा तपकिरी डाग, वहीत चिकटवलेले कार्ड काढताना निघालेला कागदाचा पापुद्रा, मुलाने लिहिलेले स्वतःचे नाव, या सर्वांमुळे ग्रेड झपाट्याने घसरतो आणि समोरची बाजू तशीच सुंदर राहते. समोरच्या बाजूचे टाचणीचे छिद्र, शाईचा ओरखडा किंवा मेणाचा मोठा डाग मात्र स्वस्तात मिळाला म्हणून स्वीकारू नये.

अस्सल आहे का आणि छेडछाड झाली आहे का

दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि अचूक पट्टी एवढ्या साधनांवर बहुतेक नकली कार्डे पकडता येतात. 1952 ते 1956 च्या टॉप्स कार्डांचा आकार सुमारे 67 बाय 95 मिलिमीटर आहे. 1957 पासून तो 63.5 बाय 89 मिलिमीटर झाला आणि आजही तोच आहे. टॉप्सने 1983 मध्ये 1952 च्या संचाचे अधिकृत पुनर्मुद्रण काढले होते आणि ते नव्या, लहान आकारात आहे. त्यामुळे ती कार्डे जुनी म्हणून कोणी दाखवली तर नुसत्या पट्टीनेच खरे काय ते समजते. भिंगाखाली अस्सल कार्डावरचे छायाचित्र ठिपक्यांचे बनलेले दिसते, पण काळी अक्षरे आणि रेषा सलग शाईच्या असतात. मूळ कार्डाची प्रतिमा घेऊन छापलेल्या नकलेत अक्षरेही ठिपक्यांत फुटलेली दिसतात. त्याच संचातले एखादे अगदी स्वस्त, अस्सल कार्ड तुलनेसाठी जवळ ठेवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे, कारण कागदाचा रंग, जाडी आणि स्पर्श यांचे वर्णन वाचून ते कळत नाहीत.

झिजलेली कड कापून कोपरे टोकदार करणे, उडालेला रंग मार्करने भरणे, घडी दाबून सपाट करणे हे प्रकारही चालतात. कार्डाचा पृष्ठभाग वापरलेला दिसतो आणि एकच कड मात्र ताज्या पात्यासारखी स्वच्छ आहे, असे आढळले तर ते कार्ड त्याच संचातल्या इतर कार्डांच्या गठ्ठ्यात उभे धरून पाहावे. कापलेले असेल तर ते बहुधा आखूड भरते. 1971 च्या काळ्या किनारी मार्करने रंगवलेल्या असतात तेव्हा कार्डाच्या जाडीवरही शाई उतरलेली असते. मँटल, मेझ, जॅकी रॉबिन्सन, किंवा गाउडी कंपनीच्या 1933 च्या संचातला बेब रूथ अशी महाग कार्डे मात्र नवख्याने सुटी घेऊच नयेत. ती नामांकित कंपनीच्या स्लॅबमध्येच घ्यावीत आणि लेबलावरचा प्रमाणपत्र क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा, कारण स्लॅबही नकली बनवले जातात.

भाव आणि खरेदी

विक्रेत्याने मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. ईबेवर शोध घेताना फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवण्याची सोय आहे. तिथे गेल्या सुमारे तीन महिन्यांतली त्याच कार्डाची, त्याच ग्रेडची विक्री पाहावी आणि प्रत्येकाचे छायाचित्रही पाहावे, म्हणजे देखण्या 4 ला लोकांनी किती दिले आणि कळाहीन 4 ला किती, हे कळते. देखण्या कार्डासाठी त्याच ग्रेडच्या सरासरीपेक्षा थोडे अधिक द्यायला मी कचरणार नाही, पण पुढच्या ग्रेडच्या किमतीला पोहोचत असेल तर थांबावे.

स्कॅन केलेल्या प्रतिमेत प्रकाश सर्वत्र सारखा पडत असल्याने बारीक चुण्या दिसतच नाहीत. म्हणून सुटे कार्ड दुरून घेताना दोन्ही बाजूंची आणि तिरप्या प्रकाशातली छायाचित्रे मागावीत, आणि चित्रात न दिसणारी घडी, डाग किंवा दुरुस्ती आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. प्रामाणिक विक्रेत्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

शक्य असेल तर पहिली खरेदी कार्डांच्या प्रदर्शनात करावी. लहानमोठ्या शहरांत शनिवार-रविवारी अशी प्रदर्शने भरतात, आणि नॅशनल स्पोर्ट्स कलेक्टर्स कन्व्हेन्शन हे सर्वांत मोठे संमेलन 1980 पासून भरत आले आहे. तिथल्या टेबलांवर साध्या खेळाडूंच्या जुन्या कार्डांनी भरलेले खोके असतात, त्यात 1960 च्या दशकातली मधल्या प्रतीची कार्डे काही डॉलरांत मिळतात आणि एका तासात शेकडो कार्डे प्रत्यक्ष हाताळता येतात. कार्ड वेष्टनातून काढून पाहण्याआधी परवानगी विचारावी, एकाच विक्रेत्याकडून चार-पाच कार्डे एकत्र काढून मग एकूण किमतीबद्दल बोलावे आणि रोख रक्कम जवळ ठेवावी. भारतात राहून संग्रह करणाऱ्यांना टपालखर्च स्वस्त कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त पडू शकतो. त्यांनी अमेरिकेतल्या एखाद्या नातेवाइकाकडे कार्डे जमवून एकदम आणवणे बरे.

साध्या खेळाडूंची मधल्या प्रतीची कार्डे ग्रेडसाठी पाठवू नयेत, कारण शुल्क बहुधा कार्डाच्या किमतीहून अधिक होते. ती मऊ प्लॅस्टिकच्या पातळ पाकिटात आणि मग टणक टॉपलोडरमध्ये ठेवावीत, किंवा पीव्हीसी नसलेल्या नऊ कप्प्यांच्या पानांत लावावीत. ऊन आणि ओल यांपासून दूर, घरातल्या कपाटात ती सुखरूप राहतात. तळघर आणि गॅरेज टाळावेत.

संग्रह वाढू लागला की काही कार्डे बदलावीशी वाटतात. असे करताना नवे कार्ड केवळ एका आकड्याने वरचे आहे म्हणून घेऊ नये. जुन्या कार्डातला जो दोष खुपत होता, मग ते सरकलेले चित्र असो की धूसर चेहरा, तोच नव्यात नसेल तर अदलाबदल करावी. प्रत्येक कार्डाची खरेदी किंमत, टपालखर्च आणि दोष वहीत नोंदवलेले असले तर जुने कार्ड विकताना तेच वर्णन जसेच्या तसे पुढच्या खरेदीदाराला देता येते.